लेकरू उशिरा चालतंय, बोलत नाही? थेरपी कशी असते, कुठे मिळते आणि घरी काय करायचं

यवतमाळ : लेकरू दीड वर्षाचं झालं तरी आधार सोडून चालत नाही. दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही. अशा वेळी गावात पहिलं उत्तर ठरलेलं असतं, “राहू द्या ना, त्याचा बापही उशिराच बोलला होता.” कधी कधी हे खरंही निघतं. पण ज्या लेकरांच्या बाबतीत ते खरं नसतं, त्यांची वर्ष-दोन वर्षं या एका वाक्यात निघून जातात. आणि नेमकी तीच वर्षं कामाची असतात. पहिल्या तीन वर्षांत मेंदू ज्या वेगाने शिकतो, तो वेग पुढे राहत नाही. पाच वर्षांच्या पोराला तेच शिकवायला दुप्पट मेहनत लागते आणि तरी थोडं मागे राहतं.

फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी ही नावं ऐकली की नागपूर-मुंबईची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात या उपचाराचा मोठा भाग घरी होतो. बाजेवर, चुलीजवळ, आंघोळ घालताना, जेवू घालताना. थेरपिस्टकडे जायचं ते मुख्यतः शिकून येण्यासाठी. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास कोणी पाय हलवून दिले म्हणून मूल चालायला लागत नाही. घरी रोज चार-पाच वेळा ते झालं तर फरक पडतो. झरी जामणी किंवा उमरखेडच्या आईबापांनी ही गोष्ट आधी समजून घेतली तर बसभाडं आणि बुडालेली मजुरी दोन्ही कारणी लागतात.

कधीपर्यंत थांबायचं आणि कधी नाही

प्रत्येक मूल आपल्या चालीने वाढतं, हे बरोबर. तरी काही खुणा आहेत. चार महिन्यांपर्यंत मान धरायला हवी. नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसायला हवं. वर्षाचं झाल्यावर नावाने हाक मारली की वळून बघायला हवं, टाटा करायला हवा, हवी ती वस्तू बोटाने दाखवायच्या बेतात यायला हवं. दीड वर्षापर्यंत चालणं आणि काही शब्द. दोन वर्षांपर्यंत “आई ये”, “पाणी दे” असे दोन शब्द जोडून बोलणं. यातलं एखादं महिनाभर मागेपुढे झालं म्हणून घाबरू नका, पण या मुदतीनंतरही होत नसेल तर दाखवून घ्या. मूल नऊ महिने पूर्ण व्हायच्या आधीच जन्मलेलं असेल तर दोन वर्षांपर्यंत त्याचं वय जन्मतारखेपासून न मोजता डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून मोजायचं.

काही गोष्टींत मात्र एक महिनाही थांबू नका. लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात आणि ताठ होतात. अंग एकदम ढिलं, कापडाच्या बाहुलीसारखं वाटतं. वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरतं आणि दुसऱ्याची मूठ आवळलेली राहते. (“आमचा डावखुरा आहे” म्हणून घरचे हसतात. पण एवढ्या लहान वयात डावं-उजवं ठरत नसतं.) डोळ्याला डोळा देत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण : आधी बोलत होतं ते शब्द गेले, आधी करत होतं ते बंद झालं. हे कोणत्याही वयात झालं तरी त्याच आठवड्यात डॉक्टर.

जन्मल्यावर उशिरा रडलेलं, दीड किलोपेक्षा कमी वजनाचं, काचेच्या पेटीत राहिलेलं, जन्मल्यावर झटके आलेलं किंवा कावीळ फार वाढलेलं मूल असेल तर खुणांची वाटही पाहू नका. दिसायला चांगलं असलं तरी अशा मुलाची वाढ दर तीन महिन्यांनी तपासून घ्यायची असते.

घरात माता व बाल संरक्षण कार्ड असेल. लसीसाठी आपण ते काढतो, लस टोचली की परत ट्रंकेत. त्याच कार्डात वाढीचे हे टप्पे चित्रांसह छापलेले आहेत. आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, पुढे बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं असताना येतात. त्या भेटीत वजनासोबत हे पानही उघडायला सांगा.

तीन थेरपिस्ट, तीन कामं

फिजिओथेरपिस्ट मोठ्या हालचाली बघतो. मान, बसणं, रांगणं, उभं राहणं, चालणं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोजच्या कामातले हात बघतो : चमचा धरणं, तोंडापर्यंत घास नेणं, बटण लावणं, संडासला बसणं, खेळणं. काही मुलं आवाजाला, गर्दीला, अंगाला हात लावला तरी बिथरतात, त्यांच्यावरही हाच माणूस काम करतो. या विषयाचं भारतातलं पहिलं विद्यालय आपल्याच राज्यात, मुंबईच्या केईएम रुग्णालयात, १९५० मध्ये सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन आणि लग्नाने मराठी. सत्तरहून जास्त वर्षं झाली, तरी आपल्याकडे अनेक घरांत हे नाव पहिल्यांदा ऐकलं जातं ते मूल चार वर्षांचं झाल्यावर.

स्पीच थेरपिस्टचं काम नुसतं बोलणं शिकवण्याचं नसतं. ऐकणं, समजणं, खुणा करणं, चावणं आणि गिळणं हे सगळं त्याच्याकडे येतं. ज्या मुलाला जेवताना वारंवार ठसका लागतो, त्याचा घास श्वासनलिकेत जात असू शकतो. अशा मुलांना पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो आणि घरच्यांना वाटतं, सर्दीच आहे. या मुलांना आडवं निजवून, नाक दाबून पाजू नका. पाठ सरळ, मान किंचित पुढे, लहान चमचा, एक घास गिळल्यावरच दुसरा. अशा मुलाला पाण्यासारखी पातळ पेज सोपी जाईल असं आपल्याला वाटतं. बहुतेकदा उलटं असतं, थोडी घट्ट पेज गिळायला सोपी जाते. किती घट्ट, ते थेरपिस्टला मूल खाताना दाखवून ठरवा.

बोलत नसलेल्या मुलाची पहिली तपासणी कानाची. घरी आपण थाळी वाजवून बघतो, मूल दचकतं आणि आपण निश्चिंत होतो. पण थाळीचा मोठा आवाज कमी ऐकणाऱ्यालाही जाणवतो, आणि तरी आईचं साधं बोलणं त्याला ऐकू येत नसतं. म्हणून मशीनवरची तपासणीच खरी. डॉक्टरांचा हिशेब असा : जन्मल्यावर महिनाभरात कान तपासले जावेत, शंका असेल तर तीन महिन्यांपर्यंत निदान पक्कं व्हावं आणि सहा महिन्यांपर्यंत श्रवणयंत्र वगैरे उपचार सुरू व्हावेत. आपल्याकडे तीन वर्षांचं मूल पहिल्यांदा तपासणीला येतं, तेव्हा हा हिशेब आठवतो. तरी तीन वर्षांनीही तपासणी करायचीच. तेव्हाही उशीर कमी करता येतो.

पोडावरची भाषा, अंगणवाडीची भाषा

आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट वेगळी आहे आणि शहरातल्या पुस्तकात ती सापडत नाही. कोलाम पोडावर घरात कोलामी, तांड्यावर बंजारा, कुठे गोंडी, आणि अंगणवाडीत मराठी. मूल अंगणवाडीत गप्प बसतं म्हणून ते ‘मागे’ आहे असं कोणी म्हटलं तर आधी विचारा, घरी आपल्या भाषेत बोलतं का? घरी भरपूर बोलत असेल, सांगितलेलं समजत असेल, तर त्याला मराठी शिकायला थोडा वेळ द्या. दोन भाषांमुळे मूल मुकं होत नाही. पण घरच्या भाषेतही शब्द नसतील, तर “दोन भाषांमुळे गोंधळलं असेल” म्हणून सोडून देऊ नका. आणि थेरपिस्टने मराठीतून शिकवलं तरी घरी मुलाशी आपल्याच भाषेत बोला. ज्या भाषेत आईला गाणं येतं, रागावता येतं, लाड करता येतात, त्याच भाषेत मूल बोलणं लवकर उचलतं.

घरी काय करायचं

यवतमाळ जिल्ह्याला याचा थोडा अनुभव आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ आणि एकात्मिक बाल विकास सेवा योजनेच्या साथीने ‘आरंभ’ नावाचा उपक्रम यवतमाळ आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात राबवला. अंगणवाडीताईंना शिकवून, त्यांच्यामार्फत तीन वर्षांखालच्या मुलांच्या आईबापांना मुलाशी खेळणं-बोलणं दाखवायचं, असं त्याचं रूप. अनेक गावांत त्यातून पालक मेळावे झाले. तुमच्या गावात झाला असेल तर बाटल्यांची झाकणं, खोके, चिंध्या यांची खेळणी आठवत असतील. ते खेळ सगळ्याच मुलांसाठी आहेत. उशिरा वाढणाऱ्या मुलाला तेच खेळ थोडे बदलून, जास्त वेळा लागतात.

मान धरत नसलेलं बाळ जागं असताना पोटावर निजवा. छातीखाली गोधडीची गुंडाळी, समोर आईचं तोंड. सुरुवातीला रडेल, दोन मिनिटं पुरे, पण दिवसातून सहा-सात वेळा. बसता येत नसलेल्या मुलाला भिंतीच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंनी गोधड्या लावून बसवा, म्हणजे हात खेळायला मोकळे राहतात. दिवसभर पाळण्यात किंवा झोळीत ठेवलं तर अंगाला काही शिकायला मिळत नाही.

मालिश चालेल, चांगलीच. पण ताठ पाय जोर लावून ओढू नका, सांध्याला इजा होते. ताठ अंग सैल करायची रीत वेगळी असते, ती हातात हात घेऊन शिकावी लागते. बाजारातला चाकाचा वॉकर आणू नका. त्यात मूल पायाच्या बोटांवर ढकलत राहतं, चालणं शिकत नाही, आणि पायरीवरून पडतं ते वेगळंच. आपला जुना पांगुळगाडा बरा, त्यात मूल स्वतः उभं राहून ढकलतं. मात्र पाय ताठ असलेल्या मुलासाठी तोही विचारूनच.

हातासाठी : परातीत ज्वारी ओतून त्यात हात घालू द्या, पोळीची कणीक दाबू द्या, चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून जाड करा म्हणजे पकड बसते. शेजारी कोणीतरी मोठं बसलेलं हवं. शेंगदाणे, हरभरे, तुरीचे दाणे तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती एकट्याला कधीच नको, घशात अडकतात.

बोलण्यासाठी सगळ्यात मोठा उपाय फुकटचा आहे आणि तो अवघडही आहे : थांबणं. मूल माठाकडे बघतं, आपण लगेच ग्लास देतो. त्याऐवजी ग्लास हातात धरा, “पाणी?” म्हणा आणि मनात दहा आकडे मोजा. नुसतं “पा” आलं, हात पुढे आला, तरी लगेच पाणी द्या आणि शब्द पुन्हा म्हणा. “बोल ना, बोल ना” असं मागे लागू नका. पाहुण्यांसमोर परीक्षा घेऊ नका. जे करता ते बोलत करा : भाकर थापते, शेळीला चारा टाकतो, कुत्रं भुंकलं.

आणि मोबाईल. ही बातमी तुम्ही मोबाईलवरच वाचत आहात, त्यामुळे उपदेश जपूनच करावा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांपर्यंत मुलांना स्क्रीन दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एका तासाहून जास्त नको. मोबाईलमधलं गाणं मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही, हा त्यातला मुख्य दोष. मोबाईलचा खरा उपयोग दुसरा आहे : मूल कसं बसतं, कसं खातं, झटका आल्यावर नेमकं काय होतं, याचा एक-एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात मूल नेमकं झोपतं किंवा रडतं. व्हिडिओ पाहून डॉक्टरांना जे कळतं ते आपल्या सांगण्यातून कळत नाही. थेरपिस्ट व्यायाम दाखवतात तेव्हाही विचारून व्हिडिओ काढा. घरी सासूबाई, मोठी बहीण, बाबा सगळ्यांना तो बघून करता येतो. कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटे शेतात जाते, तेव्हा व्यायाम कोण घेणार हे घरात आधीच ठरलेलं बरं. बहुतेक घरांत थेरपी तुटते ती याच महिन्यांत.

कुठे जायचं

सुरुवात गावातूनच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघरहून, सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. पथकात एक पुरुष आणि एक महिला डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि वाढीतला उशीर, अशा ३० प्रकारांसाठी शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी होते. पुढची चाचणी, उपचार आणि लागेल ती शस्त्रक्रिया मोफत. पथक येणार त्या दिवशी मूल शेतात किंवा मामाच्या गावी असेल तर नाव निसटतं. अंगणवाडीताईंकडे तारीख विचारून ठेवा, चुकली तर थेट ग्रामीण रुग्णालयात पथकाच्या डॉक्टरांना भेटा.

पथक पुढे पाठवतं ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात. नाव अवघड आहे, काम सरळ : सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, कान आणि वाचा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एकाच ठिकाणी असावेत, अशी सरकारी रचना आहे. सगळी पदं सगळ्या काळी भरलेली असतीलच असं नाही. म्हणून निघण्याआधी कोणता थेरपिस्ट कोणत्या वारी भेटतो ते पथकाकडून फोनवर विचारून घ्या. एवढ्या एका फोनने अख्खा दिवस वाचतो.

जिल्ह्याच्या टोकाच्या तालुक्यांनी नकाशाही बघावा. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहेच. पण उमरखेडकरांना नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं, कळंब-राळेगावकरांना सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालयं, वणीकरांना चंद्रपूर. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी या दोन्हींचं शिक्षण दिलं जातं, त्यामुळे तिथे दोन्ही विभाग आहेत.

पाय आत वळलेलं बाळ जन्मलं तर पहिल्या काही आठवड्यांतच न्या. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलतात, साधारण पाच-सहा वेळा, मग बहुतेकांना टाचेमागे छोटा छेद. पाय सरळ होतो आणि घरचे खूश होऊन थांबतात. चूक तिथेच होते. त्यानंतरचे पट्टीचे बूट पहिले तीन महिने दिवसाला २३ तास आणि पुढे चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना घालावेच लागतात. बूट सुटले की पाय परत वळतो.

पैसा, कागद आणि फसवणूक

थेरपी सुरू करायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. पक्कं निदान होण्याचीही वाट पाहायची गरज नाही. उशीर दिसला की काम सुरू, कागद मागून. पुढे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढलं तर त्याचे फायदे आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरले आहेत, त्यात सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि वाचादोषही येतात. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक योजना लागू होतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. तिच्यात भरती न होता घेतलेल्या थेरपीचा खर्चही काही मर्यादेत मिळतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. बिलं जपून ठेवा.

गैरसमज पसरवणारे शहरातही आहेत. मेंदूचं टॉनिक, जिभेचा दोर कापला की बोलेल, एका इंजेक्शनने चालेल, असं सांगून पैसे घेणारे भेटतात. स्वमग्नतेवर स्टेमसेल उपचार देऊ नयेत असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच सांगितलं आहे. लाखाचा आकडा ऐकून शेत गहाण टाकण्याआधी सरकारी रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञाला एकदा कागद दाखवा. आणि “सहा महिन्यांत नॉर्मल करून देतो” अशी हमी कोणी दिली तर तिथूनच परत फिरा. कोणताही चांगला थेरपिस्ट अशी हमी देत नाही. तो लहान लक्ष्य देतो : दोन महिन्यांत पाच मिनिटं आधाराशिवाय बसेल, दिवाळीपर्यंत स्वतःचा घास स्वतः घेईल. सगळीच मुलं शेवटी चालतील, बोलतील असं नाही. काहींना चाकाची खुर्ची लागेल, काही चित्र दाखवून बोलतील. पण स्वतःच्या हाताने जेवणं, संडासला सांगणं, हवं-नको कळवणं एवढं आलं तरी घरातल्या सगळ्यांचे दिवस बदलतात.

पहिल्या भेटीला निघताना पिशवीत माता व बाल संरक्षण कार्ड, जन्माच्या वेळचे दवाखान्याचे कागद, काचेच्या पेटीतून सुट्टी मिळाल्याचं कार्ड, आधार, मुलाचं आवडतं खेळणं आणि घरचं खाणं ठेवा. खाताना बघायचं असेल तर थेरपिस्ट तेच मागतील. निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : घरी रोज कोणत्या दोन गोष्टी करायच्या, काय करायचं नाही, आणि पुन्हा कधी यायचं. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचं कार्ड हाती आलं की एसटीच्या साध्या गाडीत मुलाच्या तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते, तेव्हा पुढच्या खेपेला ते कार्डही सोबत असू द्या.